विश्लेषण : संग्रहालयातील जाते मोबाइलवर फिरवता येईल, पण त्यावरची टीप कोण लिहिणार?

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत खाडी ओलांडून मनोरी येते. रस्त्याने यायचे तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा. मुंबईच्या हद्दीत असूनही गावपण टिकवून असलेल्या या गावात ईस्ट इंडियन समाजाने आपल्या जुन्या वस्तूंचे छोटे संग्रहालय उभारले आहे. मोबाई भवन या नावाने ते ओळखले जाते. लुगडी, भांडीकुंडी, शेतीची आणि स्वयंपाकघरातली साधने असा हा प्रकार. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहण्याची सवय असलेल्यांना यात काय पाहायचे, असे वाटू शकेल. पण ज्याच्या घरात उखळ होते आणि आता नाही, तो तिथे थबकतो.

अशा कोणत्याही छोट्या संग्रहालयात एक अडचण हमखास असते. वस्तू असते, तिच्याविषयी सांगणारे माणूस नसते. जात्याखाली चिठ्ठी असते ‘जाते’. फार तर ‘धान्य दळण्याचे दगडी साधन’. खुंटा कुठे ठोकायचा, घास कुठे टाकायचा, दगड गुळगुळीत झाला की काय करायचे, हे चिठ्ठीत मावत नाही. ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत जगभरच्या संग्रहालयांनी या अडचणीवर एक उपाय वापरात आणला आहे. वस्तूची त्रिमितीय, म्हणजे थ्रीडी, प्रतिकृती संगणकावर तयार करायची आणि तिच्या नेमक्या त्या त्या जागी टिपा टोचायच्या. वाचकाने मोबाइलवर बोटाने वस्तू फिरवायची, आकड्यावर टिचकी मारायची, की ती जागा जवळ येते आणि टीप उघडते. दिसायला हे सोपे आहे, पण त्यामागचे प्रश्न सोपे नाहीत.

थ्रीडी प्रतिकृती बनते कशी?

सर्वांत स्वस्त मार्ग छायाचित्रांचा. वस्तूभोवती फिरत, वर-खाली कोन बदलत, साठ-सत्तर ते दोनशेपर्यंत छायाचित्रे काढायची. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. सॉफ्टवेअर या सगळ्या छायाचित्रांतले समान ठिपके शोधते. एखादा टवका तीन वेगवेगळ्या कोनांतून दिसत असेल तर तो अवकाशात कुठे असणार, हे भूमितीने ठरते. असे लाखो ठिपके मिळाले की ते त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर मूळ छायाचित्रांतले रंग चढवले जातात. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. लेझर स्कॅनर किंवा प्रकाशाच्या पट्ट्या टाकून मोजणारे स्कॅनर अधिक अचूक असतात, पण ते महाग.

चांगला मोबाइल आणि ढगाळ दिवस एवढ्यावर दगडी वस्तूचे काम बऱ्यापैकी होते. ढगाळ दिवस अशासाठी, की कडक उन्हातली सावली दगडाचाच रंग म्हणून प्रतिकृतीत कायमची चिकटते. चकचकीत पितळी हंडा मात्र भल्याभल्यांना दमवतो. त्यावरची चमक प्रत्येक छायाचित्रात जागा बदलते आणि सॉफ्टवेअर फसते. काचेच्या बाटलीचेही तेच. शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरलात तर प्रतिकृती सुबक होईल, पण ती वाटी आहे की घंगाळ हे पाहणाऱ्याला कळणार नाही.

टीप टोचायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रतिकृतीतल्या प्रत्येक बिंदूला तीन आकडे असतात : लांबी, रुंदी आणि उंचीच्या दिशेने तो कुठे आहे. टीप टोचली की संगणक हे तीन आकडे लिहून ठेवतो. त्यासोबत पाहणाऱ्याचा डोळा कुठे असावा हेही नोंदवतो. म्हणूनच आकड्यावर टिचकी मारताच वस्तू आपोआप वळून नेमकी ती बाजू समोर येते. मग येतो मजकूर : शब्द, चित्र किंवा आवाज. आणि शेवटी येते टीप कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणत्या भाषेत लिहिली ही माहिती. बहुतेक जण ती गाळतात.

वेबवरच्या टिपांसाठी एक सामायिक आराखडा आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्याचे सूत्र साधे : टीप कशाला लागली आहे, टिपेत काय आहे आणि ती कशासाठी लिहिली आहे, हे तीन भाग वेगळे ठेवा. त्याच वर्षी ‘जीएलटीएफ’ या थ्रीडी फाइलपद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि जड प्रतिकृती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणे सुकर झाले. ही पद्धत २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही झाली.

बिंदूवर टीप लावणे सर्वांत सोपे. पण तडा ही रेघ असते, झीज हा पट्टा असतो आणि दगडाच्या आतली पोकळी हा घनभाग असतो. तड्याच्या मधोमध एक टाचणी टोचली तर तडा कुठून कुठे जातो हे कळत नाही. आणखी एक खोच अशी की प्रतिकृती हलकी करण्यासाठी त्रिकोण कमी केले किंवा पाच वर्षांनी वस्तू नव्याने स्कॅन केली, तर जुने तीन आकडे नव्या पृष्ठभागावर बसतीलच असे नाही. मग टाचणी हवेत तरंगते, किंवा मूर्तीच्या नाकावरची टीप गालावर जाते.

एक्सरच्या वीरगळांवर टिपा लावायच्या तर?

मनोरीहून खाडीच्या पलीकडे, बोरिवली पश्चिमेला, एक्सर येथे सहा वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीरांच्या या स्मृतिशिळा. ब्रिटिश काळातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे तपशीलवार वर्णन आहे. तळ्याच्या काठी, आमराईत, एका ओळीत उभे सहा दगड. त्यातले चार सुमारे दहा फूट उंच. आज आमराई नाही, भोवती बोरिवली आहे. आणि या शिळा संग्रहालयाच्या छपराखाली नाहीत, हीच त्यांच्या थ्रीडी नोंदीची पहिली निकड. पाऊस, धूर आणि माणसांचे हात दगडावर रोज काम करत असतात.

महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत. एक्सरचे वेगळेपण असे की त्यांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे. एका शिळेच्या तळच्या पट्टीत उंच नाळीची पाच गलबते ओळीने निघाली आहेत. डोलकाठ्या आहेत, कडेला वल्ह्यांची रांग आहे. वरच्या पट्टीत गलबते एकमेकांना भिडली आहेत आणि माणसे पाण्यात पडत आहेत. त्याहून वर स्वर्ग. मध्ययुगीन कोकणात जहाजे कशी दिसत, याचा इतका ठसठशीत दगडी पुरावा क्वचित मिळतो.

आता टिपा कशा लावणार? पहिलाच प्रश्न क्रमांकांचा. टिपांचे सॉफ्टवेअर एक, दोन, तीन असा फेरफटका घडवते. संगणकापुढे बसलेला माणूस सवयीने वरून खाली क्रमांक देतो, जसे आपण पान वाचतो तसे. वीरगळ मात्र खालून वर वाचायचा असतो. तळाशी लढाई आणि मृत्यू, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर देवाची पूजा आणि माथ्यावर कलश. वरून सुरुवात केली तर गोष्ट उलटी होते; स्वर्गात गेलेला वीर शेवटी गलबतात बसतो. हा विनोद नाही, अशा चुका होतात. म्हणून तळच्या पट्टीला एक क्रमांक द्यायचा, हे वीरगळ वाचता येणाऱ्या माणसानेच सांगायला हवे.

दुसरा प्रश्न झिजेचा. शतकानुशतके उघड्यावर राहिलेल्या दगडावरचे वल्हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. थ्रीडी प्रतिकृतीची खरी ताकद इथे आहे. पृष्ठभागावरचे रंग पुसून टाकायचे, दगड एकाच करड्या रंगाचा करायचा आणि आभासी दिवा तिरका धरून कडेने फिरवायचा. उंचवट्यांच्या सावल्या लांबतात आणि पुसट रेघा वर येतात. मुंबईतल्या गावठाणांतल्या जुन्या क्रुसांवरचे लेखही असेच वाचता येतील. यातले बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर उभे राहिले. तेव्हापासून दर सणाला ऑइलपेंटचा नवा थर बसला की अक्षरे बुजत जातात. रंग खरवडायची गरज नाही. अक्षराच्या जागी केसाएवढा खळगा उरला असेल तर प्रतिकृती तो दाखवते.

आणि तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : ही लढाई कोणाची? उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली, साधारण १२६५ च्या सुमाराची, असे मत मांडले गेले. सोमेश्वर समुद्रात बुडून मेल्याचा उल्लेख यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनात येतो, आणि शिळेवरचे गलबतांचे युद्ध त्याच्याशी जुळवले गेले. पण या शिळा अकराव्या शतकातल्या, म्हणजे दोनशे वर्षे आधीच्या असाव्यात, असेही मत आहे. मग टाचणीवर काय लिहायचे? ‘शिलाहार-यादव युद्ध’ असे छापले की मोबाइलवर पाहणाऱ्यासाठी तो निकाल झाला. खाली बारीक अक्षरात ‘मतभेद आहेत’ लिहून भागत नाही, कारण ते कोणी वाचत नाही.

मतभेदांना जागा कुठे?

छापील चिठ्ठीवर एकच मत मावते. थ्रीडी टिपेचा मोठा फायदा असा की एकाच जागी दोन टिपा लावता येतात, दोघांची नावे देऊन आणि वर्ष टाकून.

दायमाबादच्या ब्राँझ शिल्पांचे उदाहरण घ्या. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना चार भरीव शिल्पे सापडली : बैल जुंपलेला रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा. एकत्रित वजन साठ किलोहून अधिक. म. ना. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे करून वेगळा मुद्दा मांडला. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, त्या काळातल्या इतर वस्तूंत अशी मिश्रणे दिसत नाहीत, तेव्हा ती बरीच नंतरची असू शकतात. पन्नास वर्षे झाली, वाद मिटलेला नाही.

आता कल्पना करा, रथाच्या चाकावर बोट ठेवले की एक टीप शैलीबद्दल बोलते आणि दुसरी धातूबद्दल. नमुना शिल्पाच्या कोणत्या भागातून घेतला, ती जागाही दाखवता येते. शाळेतल्या मुलाला इतिहास म्हणजे ठरलेली उत्तरे नव्हेत, हे धड्यापेक्षा या दोन टाचण्यांतून लवकर कळेल. आणि तिसरी टाचणी त्या शेतकऱ्याची हवी. वस्तू कोणाच्या कुदळीला लागली, ही माहिती बहुतेक चिठ्ठ्यांत नसते.

जगात हे कुठे झाले आहे?

फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’चे लेझर स्कॅनिंग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पथकाने १९९९ मध्ये केले. पुढे २००३-०४ मध्ये पुतळ्याची स्वच्छता आणि जतन करताना इटलीतल्या संशोधकांनी त्याच प्रतिकृतीवर डाग, झीज आणि जुन्या डागडुजीच्या खुणा उतरवल्या. टीप ही केवळ पर्यटकांसाठी नसते, ती डॉक्टरच्या केसपेपरसारखीही असते, हे तेव्हा दिसले.

पॅरिसमधल्या नोत्र दाम कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. सुदैवाने कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्येच त्याचे लेझर स्कॅनिंग करून ठेवले होते. टॅलन स्वतः २०१८ मध्ये वारले होते. त्यांची मोजमापे मागे राहिली. आगीनंतर फ्रेंच संशोधकांनी कोसळलेले दगड आणि जळके वासे यांची नोंद करण्यासाठी ‘आयोली’ नावाचा टिपांचा मंच वापरला. त्याची खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. एका छायाचित्रावर तडा रेखाटला की त्या जागेच्या बाकीच्या सर्व छायाचित्रांवर आणि थ्रीडी प्रतिकृतीवर तो आपोआप उमटतो. शिल्पकार, सुतार आणि रसायनतज्ज्ञ एकाच दगडावर आपापल्या टिपा लिहू शकतात.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने २०१३ मध्ये थ्रीडी संग्रह खुला केला आणि पुढे ‘व्हॉयेजर’ हे टिपांचे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याने दिले. म्हणजे मनोरीतल्या संस्थेलाही ते फुकट वापरता येईल. फक्त ते चालवणारा कोणी तरुण हवा.

मंच बंद पडला तर टिपांचे काय?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण खरी हानी इथेच होते. थ्रीडी वस्तूंचा गूगलचा ‘पॉली’ हा मंच ३० जून २०२१ रोजी बंद झाला. संग्रहालयांचा लाडका ‘स्केचफॅब’ मंच २०१२ मध्ये सुरू झाला; ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थांनी तिथे वस्तू ठेवल्या. तो २०२१ मध्ये एपिक गेम्स या व्हिडीओ गेमच्या कंपनीने विकत घेतला. तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फॅब’ ही नवी बाजारपेठ उघडली, तेव्हा जगभरच्या संग्रहालयांत अस्वस्थता पसरली. गेमसाठी राक्षस आणि तलवारी विकणाऱ्या दुकानात आपल्या मूर्तींचे पुढे काय होणार, ही शंका रास्तच होती.

प्रतिकृतीची फाइल उतरवून घेता येते. टिपा मात्र अनेकदा मंचाच्या पोटात वेगळ्या साठवलेल्या असतात; फाइल घेतली म्हणून त्या सोबत येतातच असे नाही. दगडाची नक्कल हाती राहते आणि आजीचे शब्द जातात. यावरचा उपाय अगदी साधा, जुन्या पिढीला पटेल असा आहे. टिपा एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवा. क्रमांक, जागेचे शब्दांतले वर्णन, मजकूर, सांगणाऱ्याचे नाव, तारीख. संग्रहालयाची नोंदवही म्हणजे तरी दुसरे काय!

भारतात सरकारी पातळीवर पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि २०१४ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अखत्यारीतील दहा संग्रहालयांच्या वस्तू एका राष्ट्रीय पोर्टलवर आल्या. मोठ्या संग्रहालयांसाठी हा पाया चांगला आहे. पण गावठाणातले खासगी संग्रह, देवळाच्या ओसरीवरच्या शिळा, शाळेच्या कपाटातली नाणी या छत्राखाली येत नाहीत. त्यांचे त्यांनाच करावे लागणार.

पुन्हा जात्याकडे

समजा, एका जात्याची थ्रीडी प्रतिकृती करायची आहे. बाहेरून छायाचित्रे काढली तर एक जड दगडी चकती मिळते. जात्याचे सगळे काम मात्र दोन दगडांच्या मधल्या फटीत होते आणि ती फट बाहेरून दिसत नाही. म्हणून वरचा दगड उचलून बाजूला ठेवायचा आणि दोन्ही दगडांची वेगवेगळी छायाचित्रे काढायची. हे उचलायला दोन माणसे लागतात, आणि संग्रहालयात नेमके हेच करायला परवानगी नसते.

वरचा दगड उचलला की टिपांची रांग लागते. मधली खीळ, जिच्याभोवती वरचा दगड फिरतो. वरच्या दगडाचे तोंड, जिथे मुठीने घास टाकायचा. खुंट्याचे भोक, जे एका बाजूने जास्त झिजलेले असते, कारण हात एकाच दिशेने ओढतो. आणि दळणाऱ्या पृष्ठभागावरचे टाकीचे घाव. जाते वापरून गुळगुळीत झाले की दळण भरड येते. मग टाकी लावणारा येई, छिन्नीने दगड खडबडीत करून जाई. टाकीचे घाव ठळक असतील तर जाते शेवटपर्यंत वापरात होते. पुसट असतील तर टाकी लावून बरीच वर्षे गेली होती. एवढी माहिती त्या पृष्ठभागावर आहे, आणि चिठ्ठीवर फक्त ‘जाते’.

मग आवाज. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. तो खजिना २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहे. ओव्या एका ठिकाणी आणि जाती दुसऱ्या ठिकाणी, अशी सध्याची स्थिती आहे. जात्याच्या खुंट्यावर टाचणी टोचावी आणि तिथे बाईच्या आवाजातली ओवी लागावी, यात तांत्रिक अडचण कसलीही नाही. ओवीची लय आणि दगडाचा वेग एकच असतो. दगड गोल फिरताना पाहत ओवी ऐकली तर ते समजावून सांगावे लागणार नाही.

शब्दांचाही प्रश्न आहेच. भात भरडण्याचे घिरट आणि पीठ दळायचे जाते या दोन वेगळ्या वस्तू. मुंबईत वाढलेल्या मुलाला दोन्ही ‘चक्की’. ईस्ट इंडियन बोलीत त्यांना आणि त्यांच्या भागांना आणखी वेगळी नावे असू शकतात, खाडीच्या या काठाला एक आणि त्या काठाला दुसरे. प्रमाण मराठीत टीप लिहिताना बोलीतला शब्द कंसात ढकलायचा की आधी तोच लिहायचा? माझे मत स्पष्ट आहे. ज्यांची वस्तू त्यांचा शब्द आधी. प्रमाण शब्द शोधणाऱ्याच्या सोयीसाठी मागाहून द्यावा.

टीप लिहिण्याचा आणि वाचण्याचा अधिकार कोणाचा?

ईस्ट इंडियन हे नाव समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतः निवडले. रेल्वे आणि गिरण्यांच्या काळात बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सांगण्यासाठी. त्यामुळे आपल्याविषयी दुसऱ्याने काय लिहावे, हा विषय इथे नवा नाही.

त्यांच्या बॉटल मसाल्याचेच पाहा. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, लाकडी उखळात कुटून बाटल्यांत ठासून भरायचा हा मसाला. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराने ते जपलेले. उद्या त्या उखळावर टाचणी टोचताना कुटण्याची रीत, मुसळाच्या टोकाची लोखंडी वसवी, कुटणाऱ्या बायकांची बैठक हे सारे सांगता येईल. प्रमाण सांगायचे का, हे ते घर ठरवील. सगळे काही सर्वांना दिसलेच पाहिजे, हा आग्रह इंटरनेटचा आहे, घरांचा नाही.

ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक येथील वारुमुंगू आदिवासींसोबत काम करताना यावर ‘मुकुर्तू’ ही प्रणाली तयार झाली. कोणती नोंद सर्वांनी पाहावी, कोणती फक्त कुटुंबाने, कोणती फक्त स्त्रियांनी, हे समाज स्वतः ठरवतो आणि संगणक ते पाळतो. आपल्याकडे अशी सोय असलेला संग्रह क्वचित दिसतो. सहसा होते असे, की उत्साही विद्यार्थी येतात, छायाचित्रे काढतात, प्रकल्प सादर होतो आणि गावाकडे एक दुवाही परत येत नाही.

मोबाइलवर पाहणाऱ्यासाठी काय जमायला हवे?

पहिली गोष्ट, वजन. मूळ प्रतिकृतीत पन्नास लाख त्रिकोण असले तरी मोबाइलसाठी एक-दोन लाख पुरतात. मूळ फाइल मात्र जपून ठेवायची. हलकी फाइल पुन्हा भारी करता येत नाही. दुसरी, टिपेची लांबी. चाळीस-पन्नास शब्दांपुढे गेले की मजकूर पडदा व्यापतो आणि ज्याच्याविषयी लिहिले ती वस्तूच झाकली जाते. एका वस्तूवर सात-आठ टाचण्या पुष्कळ झाल्या. वीस टोचल्या तर वस्तूला गोवर आल्यासारखे दिसते. तिसरी, भाषा. टीप इंग्रजीत लिहून पुढे यंत्राने भाषांतर करू, असा विचार अनेक ठिकाणी होतो. यंत्राला घिरट कळत नाही. ते ‘मिल’ वाचते आणि ‘गिरणी’ लिहिते.

कामाचा क्रमही उलटा करावा लागेल. सध्या आधी स्कॅनिंग होते, टिपा मागाहून सुचतील तेव्हा लिहिल्या जातात. स्कॅनर पुढच्या वर्षी आणखी स्वस्त आणि आणखी चांगला मिळेल. दगडही तिथेच असेल. त्यामुळे आधी ती वस्तू वापरलेल्या बाईला तिच्यापुढे बसवायचे, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करायला लावायचे आणि तिने ज्या ज्या जागी हात ठेवला त्या जागेवर खडूने बारीक खूण करून छायाचित्र घ्यायचे. दगडावर खडू चालतो, कापडावर आणि रंगवलेल्या लाकडावर नाही. तिथे दोऱ्याचे टोक ठेवावे. टाचण्यांच्या जागा अशा तिच्या हातानेच ठरतात. ती एखाद्या जागी हात ठेवून गप्प बसली, तर त्या जागेचीही नोंद घ्यायची, तारखेसह, आणि मजकुराचा रकाना तूर्त रिकामा ठेवायचा.